आक्रमकता कुठे असते?

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दलचा आपलाच अकरा दिवसांपूर्वीचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडायची असं ठरलं. अपवाद दोन: रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली कुत्री, आणि आक्रमक कुत्री. पहिला अपवाद समजायला सोपा आहे. रेबीजचा विषाणू मेंदूत सापडतो किंवा सापडत नाही. पण आक्रमकता कुत्र्यात नेमकी कुठे शोधायची? त्याआधी मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास रोखणारं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. परिपत्रकाने आक्रमकता जातीत पाहिली, आदेशाने एकेका कुत्र्यात. दोन्हींमागचं गृहीतक मात्र एकच आहे: आक्रमकता ही जनावराच्या अंगात कमीजास्त भरलेली गोष्ट आहे आणि ती ओळखून वेगळी काढता येते.

हे गृहीत धरलं की पुढचं भांडण ठरलेलं असतं. ‘खाण तशी माती’ म्हणणारे रक्ताकडे बोट दाखवतात. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला’ म्हणणारे संगतीकडे. समंजस माणसं मध्ये पडून सांगतात, दोन्ही थोडं थोडं खरं आहे. मला हे तिसरं उत्तर सर्वांत उथळ वाटतं, कारण ते ऐकल्यावर पुढे काही विचारावंसंच वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे: वारशाने जनावराला आक्रमकतेचा साठा मिळत नाही. कोणत्या प्रसंगी, कोणावर आणि किती लवकर तुटून पडायचं याच्या अटी मिळतात. परिसर त्या अटी पुऱ्या करतो किंवा करत नाही, आणि पुष्कळदा त्या अटीच बदलतो, तेही त्याच जनुकांना हात घालून. म्हणून एका जनावराबाबत ‘वंशाचा वाटा किती आणि परिसराचा किती’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कोणावर, केव्हा, कोणाच्या सोबतीत’ या प्रश्नाला आहे.

१. एक नाव, अनेक वर्तनं

मांजर उंदरावर झेप घेतं आणि तेच मांजर कुत्र्यासमोर पाठीची कमान करून फिस्कारतं. दोन्ही वेळी नखं आणि दात तेच असले तरी चाललेलं काम वेगळं असतं. मांजराच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला विजेचा सौम्य झटका देऊन वर्तन कसं बदलतं हे वॉल्टर हेस यांनी दाखवलं; त्या कामासाठी त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. पुढे १९६० च्या दशकात जॉन फ्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आणखी बारकाईने तपासलं. हायपोथॅलॅमसच्या एका भागात झटका दिला की मांजर केस फुलवून, गुरगुरत पंजा मारतं. जवळच्याच दुसऱ्या भागात दिला की ते आवाज न करता दबा धरतं आणि थेट मानेचा चावा घेतं. पहिल्यात संताप आहे, दुसऱ्यात शिकार. १९६८ मध्ये मोयर यांनी प्राण्यांतल्या आक्रमणाचे शिकारीचं, नरानरांतलं, भीतीपोटीचं, चिडीचं, हद्दीसाठीचं, पिलांसाठीचं असे प्रकार पाडले. त्यांची यादी अंतिम मानायचं कारण नाही, पण एक गोष्ट तिने कायमची स्पष्ट केली. हे प्रकार एकमेकांबरोबरच वाढतात किंवा घटतात असं नाही. पिलांजवळ गेल्यावर चावणारी कुत्री एरवी गल्लीतली सर्वांत भित्री असू शकते. तेव्हा ‘आक्रमकता आनुवंशिक आहे का’ असं कोणी विचारलं, तर आधी ‘कोणती?’ असं विचारणं भाग आहे.

२. वारशाचा पुरावा, पूर्ण ताकदीनिशी

वंशाचा प्रभाव कमी लेखून माझा मुद्दा सिद्ध होणार नाही, म्हणून सर्वांत भक्कम पुरावाच घेतो. सोव्हिएत संघात नोवोसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये रुपेरी कोल्ह्यांची निवड-पैदास सुरू केली आणि ल्युडमिला त्रुत यांनी ती पुढे अनेक दशकं चालवली. कसोटी साधी होती: माणूस पिंजऱ्याशी येतो, दार उघडायला बघतो, हात आत घालतो, तेव्हा कोल्हा काय करतो? जे कमीत कमी घाबरत आणि चावत, त्यांचीच वीण पुढे न्यायची. दहाव्या पिढीत १८ टक्के पिल्लं माणूस दिसताच शेपूट हलवत, हात चाटत जवळ येऊ लागली. विसाव्या पिढीत ३५ टक्के. १९७० पासून उलट दिशेने, माणसावर धावून येणाऱ्या कोल्ह्यांचाही एक वाण वाढवण्यात आला. मग निर्णायक प्रयोग झाला. आक्रमक वाणाचे भ्रूण माणसाळलेल्या मादीच्या गर्भाशयात रुजवले. तिनेच त्यांना जन्म दिला, तिनेच पाजलं, आणि तरीही ती पिल्लं माणसावर दात विचकतच वाढली. आईचं वळण इथे हरलं. ज्यांना सगळं संगोपनात दिसतं त्यांनी हा निष्कर्ष आधी पचवला पाहिजे.

पण वंशाने नेमकं काय बदललं, हेही त्याच कोल्ह्यांत दिसतं. साध्या कोल्ह्याच्या पिलात अनोळखी गोष्टीची भीती सहाव्या आठवड्याच्या सुमारास जागी होते. माणसाळलेल्या वाणात ती नवव्या आठवड्यापर्यंत किंवा त्याहूनही पुढे लांबली. बारा पिढ्यांत रक्तातल्या ताण-संप्रेरकांची पातळी निम्म्याच्या आसपास उतरली. म्हणजे निवड झाली ती भीतीच्या वेळापत्रकाची. भीती जागी होण्याआधी पिलाला जे भेटतं ते त्याला आपलं वाटतं; वंशाने ही मुदत वाढवली आणि त्या मुदतीत भेटायला माणूस हजर होता. शिवाय कसोटी फक्त माणसाच्या हाताची होती. हे कोल्हे आपापसात कसे वागतात यावर निवड झालीच नव्हती. म्हणून ‘कोल्ह्यांतून आक्रमकता काढून टाकली’ असं जे सांगितलं जातं ते पुराव्याच्या पुढे जातं. एका विशिष्ट प्रसंगाला दिला जाणारा प्रतिसाद बदलला, आणि तो बदल वारशाने पुढे गेला. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या गळ्याच्या चिमण्यांत हे आणखी स्वच्छ दिसतं. त्यांचे दोन प्रकार आहेत: डोक्यावर पांढरे पट्टे असलेले आणि तपकिरी पट्टे असलेले. हा फरक एका गुणसूत्रावरच्या उलट्या झालेल्या मोठ्या तुकड्याने ठरतो. पांढऱ्या पट्ट्यांचे पक्षी हद्दीत घुसलेल्यावर जास्त जोरात तुटून पडतात. २०२० मध्ये संशोधकांनी मेंदूच्या एका भागात इस्ट्रोजेनची खूण ओळखणारं एक प्रथिन कमी केलं, तेव्हा त्यांची आक्रमकता तपकिरी पट्टेवाल्यांइतकी खाली आली. वंशाने दिलेलं होतं ते संप्रेरकाला प्रतिसाद देण्याचं प्रमाण. आणि हे संप्रेरक ऋतूनुसार वरखाली होतं.

३. परिसरवाद्यांची चूक

दुसऱ्या टोकाला उभे असणाऱ्यांची चूक आपल्या शेजारीच घडलेल्या एका वादातून समजते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या जंगलात युकिमारू सुगियामा यांनी वानरांचे कळप पाहिले. बाहेरून आलेल्या नराने कळप ताब्यात घेतला की तो लहान पिल्लं मारून टाकतो, असं त्यांना दिसलं. मध्य भारतातली वानरं त्याआधीच्या निरीक्षणांत शांत आढळली होती. त्यामुळे पुष्कळ अभ्यासकांनी ठरवलं की दाटीवाटीने आणि माणसाच्या उपद्रवाने बिघडलेल्या समाजाचं हे लक्षण असणार. सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षं निरीक्षण करून दुसरा अर्थ मांडला. दूधपितं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती लवकर मिळते. १९९९ मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीने हर्डी यांच्या बाजूने मोठा पुरावा दिला. ज्यांनी पिलांवर हल्ले केले, त्यांपैकी एकही नर त्या पिलांचा बाप नव्हता.

शांत परिसरातलं वर्तन हेच मूळचं आणि हिंसा म्हणजे बिघाड, ही समजूत इथे कोसळते. पण म्हणून वानर ‘जात्याच बालघातकी’ ठरत नाही. तोच नर स्वतःच्या पिलांसोबत वर्षंच्या वर्षं काढतो. जिथे कळपात एकाहून जास्त नर नांदतात किंवा सत्तापालट क्वचित होतो, तिथे हे वर्तन निरीक्षकाच्या नजरेला कमी पडतं. अट वारशाने आलेली आहे. ती पुरी होणार का, हे कळपाच्या रचनेवर ठरतं.

४. टक्केवारीचा गैरसमज

‘आक्रमकता चाळीस टक्के आनुवंशिक’ अशा थाटाची विधानं वाचली की वाटतं, एका कुत्र्याच्या रागातला चाळीस टक्के राग आईबापांकडून आलेला आहे. आनुवंशिकतेचा आकडा असं काही सांगतच नाही. एका विशिष्ट समूहात, एका विशिष्ट परिसरात, जनावराजनावरांतला जो फरक आहे त्यापैकी किती फरकाशी जनुकीय फरक जुळतो, एवढंच तो सांगतो. सगळ्यांना हुबेहूब सारखे पिंजरे, सारखं खाणं, सारखा प्रकाश दिला की परिसरातला फरक उरत नाही आणि आनुवंशिकतेचा आकडा आपोआप चढतो. त्याच जनावरांना वेगवेगळ्या परिस्थितीत वाढवलं तर तो उतरतो. जनुकं दोन्हीकडे तीच. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७४ मध्येच बजावलं होतं की फरकांचं पृथक्करण म्हणजे कारणांचं पृथक्करण नव्हे. पन्नास वर्षं झाली तरी लोकप्रिय लिखाणात ती चूक तशीच चालू आहे.

परिसर ‘सारखा’ करणंही वाटतं तितकं सोपं नाही. १९९९ मध्ये क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथल्या तीन प्रयोगशाळांत एकाच वाणांच्या उंदरांवर एकाच वेळी त्याच चाचण्या केल्या. उपकरणं, खाद्य, दिव्यांची वेळ, सगळं जुळवून घेतलं होतं. तरीही काही वाणांचं वर्तन प्रयोगशाळेगणिक वेगळं निघालं. त्या चाचण्या प्रामुख्याने भीतीच्या आणि हालचालीच्या होत्या, मारामारीच्या नव्हत्या. पण भीतीसारख्या मूलभूत गोष्टीत जर असं होत असेल, तर गल्लीतल्या कुत्र्याचा ‘मूळ स्वभाव’ एका तपासणीत सांगण्याचा दावा कोणी करू नये.

५. एकीचा वंश, दुसरीचा परिसर

वंश आत आणि परिसर बाहेर, ही सीमारेषाही नीट तपासली तर टिकत नाही. उंदराच्या गर्भाशयात पिल्लं ओळीने वाढतात. दोन नर-भ्रूणांच्या मध्ये वाढलेली मादी, दोन माद्यांच्या मध्ये वाढलेल्या तिच्याच बहिणीपेक्षा पुढे जास्त भांडखोर होते, हे फ्रेडरिक फॉम साल यांच्या प्रयोगांतून दिसलं. नर-भ्रूणांचं संप्रेरक तिच्यापर्यंत झिरपतं. हा परिसर जन्माच्याही आधीचा आहे आणि तो भावांच्या गुणसूत्रांनी बनलेला आहे.

याहून बोलका पुरावा कोंबड्यांचा. पिंजऱ्यात दाटीने ठेवलेल्या अंड्यांच्या कोंबड्या एकमेकींना टोचतात. पिसं उपटली जातात, कातडी उघडी पडते, रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच चोच मारतात आणि एखादी जिवानिशी जाते. कुक्कुटपालनातला रूढ उपाय म्हणजे पिलांच्या चोचीचं टोक छाटणं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी चोची न छाटता निवडीची पद्धतच बदलली. त्यांनी सर्वांत जास्त अंडी देणारी एकेकटी कोंबडी निवडली नाही, तर ज्या पिंजऱ्यातली कुटुंबं मिळून जास्त काळ जगली आणि जास्त अंडी दिली ती अख्खी कुटुंबं निवडली. १९९६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. अवघ्या काही पिढ्यांत पिंजऱ्यांतली वार्षिक मर ६८ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर आली.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की पिंजरा तोच राहिला आणि दाटीही तीच राहिली. बदलली ती शेजारणींची जनुकीय घडण. एका कोंबडीच्या दृष्टीने पाहिलं तर तिच्या जगण्यामरण्याचा सर्वांत मोठा परिसर म्हणजे तिच्या भोवतालच्या कोंबड्या, आणि त्या वंशाने घडलेल्या. एकेकटी कोंबडी निवडत गेलं की जास्त अंडी देणारी म्हणून जी हाती लागते ती कदाचित शेजारणींना मागे रेटणारीच असते, आणि पैदास करणारा नकळत टोचणीचीच पैदास करतो. आता म्यूर यांच्या पिंजऱ्यातला बदल वंशाच्या खात्यावर मांडायचा की परिसराच्या? दोन खाती उघडणाऱ्याने याचा हिशेब करून दाखवावा.

६. दोन्ही वाटा एकाच जागी

मेंदूतल्या सेरोटोनिनसारख्या रसायनांचं विघटन करणारं एमएओए नावाचं विकर आहे. १९९३ मध्ये एका डच कुटुंबात त्याच्या जनुकात बिघाड असलेले पुरुष आवेगाने हिंसक होतात असं आढळलं. १९९५ मध्ये ते जनुक निकामी केलेले नर उंदीर जास्त भांडताना दिसले. पुढे या जनुकाच्या कमी काम करणाऱ्या प्रकाराला वृत्तपत्रांनी ‘योद्ध्याचं जनुक’ म्हणून डोक्यावर घेतलं. याबाबतचे दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहावेत. २००२ मध्ये न्यूझीलंडमधल्या डनीडिनच्या मुलग्यांत हा प्रकार समाजविघातक वर्तनाशी जुळला, पण प्रामुख्याने ज्यांचा लहानपणी छळ झाला होता त्यांच्यात. नंतरच्या सगळ्या पडताळण्यांत तो संबंध सारख्याच ताकदीने दिसलाही नाही. २००५ मध्ये ऱ्हीसस माकडांवर झालेल्या अभ्यासात हा प्रकार असलेले नर जास्त आक्रमक निघाले, पण आईजवळ वाढलेलेच. आईविना वाढवलेल्यांत तसं झालं नाही. एकीकडे छळाच्या बालपणात, दुसरीकडे आईच्या कुशीत. परिसर वगळून या जनुकाचा ‘परिणाम’ सांगताच येत नाही.

मधमाश्यांनी तर हे थेट मेंदूत दाखवलं. १९५६ मध्ये वॉरिक कर यांनी आफ्रिकी राण्या ब्राझीलमध्ये आणल्या, पुढच्या वर्षी त्यांचे थवे निसटले, आणि त्यांच्या संकरातून झालेली तापट माशी अमेरिका खंडभर पसरली. डंख मारताना माशी एक गंध सोडते. पिकलेल्या केळ्यासारखा तो वास बाकीच्यांना हल्ल्याला बोलावतो; आपल्याकडच्या आग्या मोहोळाखाली एक डंख बसल्यावर क्षणात शेकडो का येतात, त्याच्या मुळाशीही असाच गंधाचा इशारा असतो. २००९ मध्ये आलो, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या जनुकांची कार्यशीलता तपासली. या संकरित आणि शांत युरोपीय माश्यांत जनुकांच्या कामात जे फरक होते, त्यांतले बरेच शांत माशीला धोक्याचा गंध दिल्यावर तिच्या मेंदूत होणाऱ्या बदलांशी जुळले. उत्क्रांतीने पिढ्यान्‌पिढ्या जे केलं आणि एका वासाने थोड्या वेळात जे केलं, ते मोठ्या प्रमाणात त्याच जनुकांवर. ‘थोडं हे, थोडं ते’ म्हणायला दोन वेगळे ढीग लागतात. इथे ते नाहीत.

७. थोरांशिवाय वाढलेले हत्ती

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात हत्तींची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी कळप मारले जात, आणि उरलेली अनाथ पिल्लं पिलानेसबर्ग उद्यानात नेऊन सोडली गेली. तिथे मोठे नर नव्हते. ही पिल्लं वयात आली आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. नेहमीपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी ते माजावर येत होते आणि माज दीर्घकाळ टिकत होता. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणून सोडले. थोराडाशी सामना झाला की तरुण नराचा माज उतरू लागला, त्याचा काळ आखूड झाला आणि गेंड्यांची हत्या थांबली. कोणाला शिक्षा झाली नाही, कोणाला शिकवलं नाही. माजावर येणं हे हत्तीच्या वारशातच आहे. तो कधी यावा आणि किती टिकावा, हे समोर मोठा नर आहे की नाही यावर ठरतं, आणि हा संबंधसुद्धा वारशातलाच आहे. ‘चुकार’ हत्ती वेचून मारत राहिले असते तर पुढची पोरकी फळीही तशीच वयात आली असती.

८. आक्षेप

पहिला आक्षेप जाणकार पैदासकारांचा: मग झुंजीच्या कुत्र्यांच्या जाती झाल्या कशा? निवडीने विशिष्ट प्रसंगातलं वर्तन बदलतं, हे कोल्ह्यांच्या वेळीच मान्य केलं आहे. पण आजच्या पाळीव कुत्र्यांत जातीवरून काय सांगता येतं? २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जीनोम तपासला गेला. कुत्र्याकुत्र्यांतल्या वर्तनाच्या फरकापैकी सुमारे नऊ टक्केच जातीने उलगडला. आणि कुत्रा किती पटकन चिडतो याबाबत तर जातीवरून जवळजवळ काहीच सांगता आलं नाही. हा अभ्यास प्रामुख्याने अमेरिकेतल्या घरगुती कुत्र्यांचा आहे, ही त्याची मर्यादा. आणि थोराड जबड्याच्या कुत्र्याचा एक चावा अधिक घातक असतो, हेही खरं. पण ते जबड्याबद्दल झालं. जबड्यासाठी मुसक्या आणि दोरीचे नियम हवेत. ते करताना स्वभावावर निवाडा दिल्याचा आव आणू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणाऱ्याचा राग रास्त आहे: ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याला हे विवेचन काय कामाचं? धोकादायक जनावर हटवावं लागतं, याबद्दल माझा वाद नाही. पण कारण चुकीचं ओळखलं तर पुढचं मूल वाचत नाही. जुन्नर परिसरात उसाच्या फडांतून राहणारे बिबटे २००१ नंतर मोठ्या संख्येने पकडून सरासरी सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या जंगलांत सोडण्यात आले. त्यामागचा विचार साधा होता: वाईट बिबट्या दूर नेला की धोका गेला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी चार होते, ते सतरापर्यंत गेले, आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचलं. पिंजऱ्यात कोंडलेला, अनोळखी मुलखात सोडलेला, परतीच्या वाटेवर वस्त्या ओलांडणारा बिबट्या हा फडात मुकाट राहणाऱ्या बिबट्यापेक्षा वेगळा वागतो. धोका पिंजऱ्यातून उचलून नेता येईल असा नव्हताच.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा: हे सगळं मान्य, पण आदेश तर पाळायचा आहे, आक्रमक कुत्रा ओळखायचा कसा? माझ्या मते चाव्याची नोंद बदलल्याशिवाय ते शक्य नाही. कोणाला चावला, कुठे, दिवसाच्या कोणत्या वेळी, जवळ पिल्लं होती का, कुत्रा एकटा होता की टोळीत, आधी कोणी मारलं किंवा हुसकावलं होतं का, त्याच कुत्र्याचे वेगवेगळ्या प्रसंगांतले आधीचे चावे किती. जो कुत्रा अनेक प्रसंगांत, डिवचल्याशिवाय, पुन्हा पुन्हा चावतो तो वेगळा काढावा. एकाच प्रसंगात चावणाऱ्यांसाठी तो प्रसंग हटवावा, आणि ते जमतं याचा पुरावा देशातच आहे. जयपूरमध्ये दीर्घकाळ चाललेल्या निर्बीजीकरणानंतर माणसांना कुत्री चावण्याचं प्रमाण घटलं, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीस, चावला आणि हिबी यांच्या अभ्यासात दिसलं. चाव्यांचा वार्षिक चढउतारही कुत्र्यांच्या विणीच्या हंगामामागोमाग जात होता. पिलांच्या रक्षणासाठी चावणाऱ्या माद्या कमी झाल्या, हा त्यांनी लावलेला अर्थ. त्या शहरातल्या कुत्र्यांची जात तीच होती आणि गल्ल्याही त्याच. कमी झाली ती गल्लीतली पिल्लं.